कानगोष्टी : वाचकांचे प्रश्न – ‘कर्मा’ नावाचा स्टुडिओ आणि आपला डीएक्स-सेव्हन

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की भाचीकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो तेव्हा स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीतल्या ‘कर्मा’ नावाच्या कॉम्प्युटर म्युझिकच्या स्टुडिओत एक संध्याकाळ बसून आलो, आणि आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांचा डीएक्स-सेव्हन की-बोर्ड तिथल्याच माणसाच्या शोधातून निघाला. बस, एवढंच. तर त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळचा हार्मोनियमच्या पट्ट्यांचा विषय बाजूला ठेवून अख्खा कॉलम यालाच देतोय. नावं गाळलीयत, गावं ठेवलीयत.

प्र. (सांगली, निवृत्त शिक्षक) – त्या परदेशी संस्थेला ‘कर्म’ हे नाव कोणी दिलं? आपल्याकडून घेतलं असेल तर अभिमानाची गोष्ट आहे, नातवाला सांगेन म्हणतो.

सर, नातवाला सांगायच्या आधी जरा थांबा. ते नाव म्हणजे पाच इंग्रजी अक्षरं आहेत, सी-सी-आर-एम-ए, पूर्ण नाव सेंटर फॉर कॉम्प्युटर रिसर्च इन म्युझिक अँड अकूस्टिक्स. आता एवढं लांबलचक कोण म्हणणार, म्हणून सगळे ‘कर्मा’ म्हणतात, शिपायापासून प्रोफेसरपर्यंत. पण १९७५ सालचा कॅलिफोर्निया म्हणजे योग, ध्यान, सतार यांनी नुसता भारलेला, तेव्हा अक्षरं जुळवताना हा शब्द कोणाच्याच डोक्यात नव्हता असं मला कोणी शपथेवर सांगितलं तरी मी मानणार नाही. हे माझं मत हां, पुरावा नाही.

१९७५ ला जॉन चाउनिंग, लेलंड स्मिथ, जॉन ग्रे, अँडी मूरर आणि लॉरेन रश अशा पाच जणांनी तो सुरू केला. त्यातले काही कंपोझर, काही कॉम्प्युटर आणि आवाजाच्या संशोधनातले, म्हणजे एरवी एका टेबलावर चहाही घेणार नाहीत अशी माणसं. आता तो जिथे आहे ती इमारत १९१६ ची, छोट्या टेकाडावरची, युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटसाठी बांधलेलं घर होतं ते, नाव ‘द नोल’, म्हणजे टेकाडच. तिथे हे लोक १९८६ ला आले. लांबून एखाद्या संस्थानिकाचा बंगला वाटतो, आणि आत शिरलं की वायरी, सोल्डरिंगचा वास, एका कोपऱ्यात उघडं पाडलेलं पियानोचं पोट.

प्र. (पुणे, हार्मोनियम शिकवणाऱ्या ताई) – काका, कॉम्प्युटर संगीत करतो म्हणजे नक्की काय करतो हो? बटण दाबलं की गाणं बाहेर पडतं का? आता तर एआय आलंय, मग अशा स्टुडिओत माणसं बसून करतात तरी काय?

ताई, गंमत बघा, हा स्टुडिओ जन्मालाच एआयच्या घरात आला, पोटभाडेकरू म्हणून. सांगतो.

आवाज म्हणजे हवेचा दाब वरखाली होणं, आणि ते वरखाली होणं आकड्यांत लिहिता येतं, सेकंदाला हजारो आकडे. मग उलटं का नाही करायचं, आधी आकडे लिहायचे आणि त्यांचा आवाज करायचा. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये, म्हणजे तिथल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत, मॅक्स मॅथ्यूज नावाच्या इंजिनिअरने १९५७ ला हे करून दाखवलं आणि १९६३ ला ‘सायन्स’ साप्ताहिकात लेख लिहिला, की कॉम्प्युटरमधून कुठलाही आवाज निघू शकतो, तत्त्वतः मर्यादाच नाही. हा लेख स्टॅनफर्डच्या ऑर्केस्ट्रातल्या कोणीतरी जॉन चाउनिंगच्या हातात ठेवला. चाउनिंग म्हणजे तालवाद्य वाजवणारा माणूस, पॅरिसला नादिया बूलाँजे या नामवंत संगीतशिक्षिकेकडे शिकून आलेला, कंपोझिशनमध्ये डॉक्टरेट करत होता, कॉम्प्युटरशी संबंध शून्य. पठ्ठ्या १९६४ च्या उन्हाळ्यात थेट बेल लॅब्जला जाऊन मॅथ्यूजला भेटला आणि परत येताना पंचकार्डांचा, म्हणजे भोकं पाडून प्रोग्राम लिहिलेल्या पुठ्ठ्यांचा, एक डबा घेऊन आला. आपण नातेवाइकांकडून लोणच्याची बरणी आणतो ना, तसा. त्या डब्यात संगीताचा प्रोग्राम होता.

मोठा कॉम्प्युटर होता तो आर्टिफिशियल इंटेलिजन्सवाल्यांकडे. त्यांनी याला वापरू दिला, पण मशीन मोकळं असेल तेव्हा, म्हणजे रात्री-अपरात्री. स्पीकरला द्यायला आकड्यांचं व्होल्टेज करणारं सर्किट लागतं, ते वेगळं कुठे होतं, मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठिपका कुठे काढायचा हे ठरवणारं जे सर्किट होतं त्यालाच स्पीकर जोडला. हा खास आपल्याकडच्या मेकॅनिकला शोभेल असा जुगाड, आणि त्यात त्याला मदत केली डेव्हिड पूल नावाच्या तिथल्या एका पोराने, ज्याला कॉम्प्युटर कळायचा.

आता मुख्य गोष्ट. १९६७ मध्ये चाउनिंग एका साध्या सुराला आंदोलन देत बसला होता. ताई, तुम्ही दरबारीचा गंधार ऐकलाय, तो डोलतो, कान ते डोलणं मोजू शकतो इतकं सावकाश. याने ते डोलणं वाढवत नेलं, सेकंदाला पाच, दहा, वीस, मग शंभर, आणि डोलण्याची खोलीही वाढवली, गळ्याला कधीच जमणार नाही इतकी. आणि एका टप्प्याला कानाने मोजणं सोडून दिलं. डोलणं ऐकू यायचं बंद झालं आणि त्या जागी एक वेगळाच आवाज आला, वेगळं वाद्य. सूर दोनच होते हो, एक डोलणारा आणि एक डोलवणारा, पण निघाला तो भरलेला, अनेक स्वरांशांचा, म्हणजे एका आवाजात दडलेल्या अनेक सुरांचा आवाज. यालाच पुढे एफएम सिंथेसिस म्हणायला लागले. रेडिओच्या एफएमचंच गणित आहे ते, पण रेडिओवाल्यांना ते ऐकायचं नव्हतं, त्यांना ते लपवून पाठवायचं होतं.

घरी करून बघा, कुठल्याही फुकट सिंथच्या (सिंथ म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य) अ‍ॅपमध्ये होतं. मूळ सूर २०० हर्ट्झ, त्याला डोलवणारा २८०, खोलीचा आकडा १० पासून सुरू करून पंधरा सेकंदांत शून्यावर आणा आणि आवाजही तसाच विरू द्या. देवळातली घंटा. हे आकडे चाउनिंगच्याच १९७३ च्या पेपरातले आहेत. घंटा का, तर त्यातून बाहेर पडतात २००, ४८०, ७६०, आणि खालच्या बाजूला वजा ८०, जो उलटा फिरून ८० म्हणूनच ऐकू येतो, मग ३६०, असे एकमेकांच्या सरळ पटीत न बसणारे सूर, आणि कान म्हणतो हे धातूचं आहे. तेच डोलवणारा पण २०० चा ठेवा, मग सगळं २००, ४००, ६०० असं पटीत येतं आणि तुतारीच्या जातीचा आवाज निघतो. (आपल्या तबल्याची शाई हेच काम उलट्या बाजूने करते, चामड्याचे बेपट सूर पटीत आणून बसवते, आणि ते सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच मांडलं होतं. विषयांतर झालं, असो.)

ट्रम्पेटसारखा आवाज चाउनिंगला नीट जमायला १९७१ उजाडलं. बेल लॅब्जमध्ये झाँ-क्लोद रिसे या फ्रेंच माणसाने मोजून दाखवलं होतं की ट्रम्पेट जोरात वाजला की तो नुसता मोठा होत नाही, तो उजळतोही. चाउनिंगला ते आठवलं, त्याने आवाजाबरोबर डोलण्याची खोली वाढवली, आणि झालं. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, माणसं तिथे बसून करतात काय, तर ऐकतात. मशीन वाटेल ते वाजवतं, त्यातलं कुठलं थांबून ऐकण्यासारखं आहे हे त्या रात्री एका तालवाद्यवाल्याच्या कानाने ठरवलं, गणित त्याने नंतर समजून घेतलं.

प्र. (कोल्हापूर, ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचो) – दादा, आमच्याकडे डीएक्स-सेव्हन होता. तुम्ही लिहिलं की तो त्या स्टुडिओतून आला. तो तर जपानी यामाहाचा ना? का उगाच अमेरिकेच्या खात्यावर टाकताय?

दोघांच्या खात्यावर टाकू या. आणि आधी हे सांगा, तुमच्याकडे इलेक्ट्रिक पियानोवाला आवाज सोडून दुसरं काही वाजायचं का? कारण आमच्याकडे नाही. सत्त्याऐंशी साली आमच्या दादरच्या ग्रुपमध्ये एकाच्या मामाने दुबईहून आणला होता, तो खोक्यातून काढला तेव्हा पोरं हात धुऊन आली होती. बटणं कसली, सपाट रबरी पट्ट्या दाबल्यासारखं, आणि दोन ओळींचा एवढासा पडदा. आवाज बदलायला गेलं की त्या पडद्यावर काहीतरी आकडे यायचे, ते कोणालाच कळायचे नाहीत, मग गुपचूप परत ‘ई पियानो वन’ वर. हळूवार गाणं असलं की तो पियानो, भक्तिगीत असलं की ट्युब्युलर बेल, संपलं. एकाने एकदा जिद्दीने आत शिरून काहीतरी केलं आणि ऐन कार्यक्रमात सगळे बेसचे आवाज घोगरे झाले, निवेदकाने ‘तांत्रिक अडचण’ म्हणून वेळ मारून नेली, तेव्हापासून त्या बटणांना हात लावायला बंदी.

त्या पडद्यावरचे आकडे म्हणजेच चाउनिंगचं डोलणं. डीएक्स-सेव्हनच्या प्रत्येक सुरामागे सहा सूर असतात, त्यांना ऑपरेटर म्हणतात, कोणी कोणाला डोलवायचं याच्या ३२ रचना दिलेल्या असतात, त्या की-बोर्डच्या पाठीवर वर छापलेल्या होत्या, आठवतंय? आम्हाला ते वायरिंगचं ड्रॉइंग वाटायचं. एका वेळी १६ सूर वाजायचे, जेव्हा भल्याभल्या महागड्या सिंथमधून पाच नाहीतर आठ निघायचे.

आता हे जपानला गेलं कसं. चाउनिंगचा शोध स्टॅनफर्डच्या लायसन्स ऑफिसने आधी अमेरिकन ऑर्गन कंपन्यांना दाखवला, हॅमंड वगैरे. त्यांचे इंजिनिअर अ‍ॅनालॉगमधले, म्हणजे आकडे न वापरता नुसत्या सर्किटमधून आवाज काढणारे, त्यांनी ऐकलं, आवाज आवडला, पण आतलं काही कळेना, सोडून दिलं. मग यामाहाचा काझुकियो इशिमुरा नावाचा तरुण इंजिनिअर आला आणि त्याला काही मिनिटांत कळलं. मिनिटांत! पण कळणं वेगळं आणि दुकानात येणं वेगळं, चिप स्वस्त होईपर्यंत दहाएक वर्षं गेली आणि १९८३ ला डीएक्स-सेव्हन आला, अमेरिकेत किंमत दोन हजार डॉलरच्या आत, आणि लाखाच्या वर खपला. पेटंट १९७७ ला मिळालं, ते संपेपर्यंत स्टॅनफर्डला दोन कोटी डॉलरच्या वर रॉयल्टी.

आणि यातला मसाला तर राहिलाच. मधल्या काळात, १९७३ च्या सुमाराला, त्याच स्टॅनफर्डने चाउनिंगला कायम करायला नकार दिला होता! म्हणजे गेट आउट. कंपोझर म्हणून पुरेसं कंपोझ केलं नाही वगैरे असणार, कमिट्यांचं सगळीकडे सारखंच असतं. मग यामाहाला तो हवा, तो कुठेय म्हटल्यावर युनिव्हर्सिटीच्या लक्षात आलं की ज्याच्या शोधाचं लायसन्स आपण विकतोय तो आपल्याकडे नाहीच आहे. परत बोलावला, आणि १९७५ ला स्टुडिओच काढून दिला. सुनेला माहेरी पाठवायचं आणि हळदीकुंकवाच्या दिवशी गाडी पाठवून आणायचं, त्यातलाच प्रकार.

प्र. (मुलुंड) – साहेब, राग मानू नका. तुम्ही लिहिल्यावर मी यूट्यूबवर या लोकांचं संगीत ऐकलं. स्वयंपाकघरात भांडी पडल्यासारखं वाटलं. याला संगीत म्हणायचं?

राग कसला, तुम्ही तर अचूक ऐकलंत. भांडी आहेतच तिथे. २००८ ला गे वांग नावाच्या प्राध्यापकाने तिथे लॅपटॉप ऑर्केस्ट्रा सुरू केला, वीसेक पोरं जमिनीवर गाद्या टाकून बसतात, प्रत्येकापुढे एक लॅपटॉप आणि प्रत्येकाच्या बाजूला एक अर्धगोल स्पीकर, आणि तो अर्धगोल म्हणजे आयकियाच्या दुकानातलं लाकडी सॅलडचं बोल, पालथं घालून त्याला सहा भोकं पाडून त्यात गाडीचे स्पीकर बसवलेले. खोटं नाही सांगत. कारण मात्र विचार करण्यासारखं आहे. आपल्याकडे सतार वाजली तर आवाज सतारीतून येतो, सतारवाला बसलाय तिथून. लॅपटॉपवाल्यांचा सगळा आवाज एकाच मोठ्या साउंड सिस्टिममधून यायला लागला की कोण काय वाजवतंय हे ना श्रोत्याला कळतं ना शेजाऱ्याला. म्हणून प्रत्येकाला आपापलं भांडं. ही कल्पना आधीची प्रिन्स्टनची, तिथे असा ऑर्केस्ट्रा २००५ पासून होता आणि गे वांग तिथलाच विद्यार्थी.

बाकी तुमच्या मुद्द्याचं, तर खरं सांगतो, तिथे केलेल्या रचनांपैकी बऱ्याचशा मलाही दुसऱ्यांदा ऐकाव्याशा वाटत नाहीत. पण चाउनिंगची ‘स्ट्रिया’ ऐका, १९७७ ची, पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेसाठी केलेली. आपलं सप्तक दुपटीवर उभं आहे, खालचा सा आणि वरचा सा एकास दोन. याने दुप्पट काढून टाकली आणि तिथे १.६१८ ठेवला, गोल्डन रेशो, आणि आवाजातले आतले स्वरांशही त्याच प्रमाणात बसवले, त्यामुळे सप्तक मोडलेलं असूनही ते बेसूर लागत नाही. मी अंधारात हेडफोन लावून ऐकली आणि पहिली पाच मिनिटं म्हणालो काय हे, आणि नंतर एका ठिकाणी खालचे सूर आले तेव्हा तंबोऱ्याच्या मागे बसल्यावर जसं होतं तसं झालं. तुम्हाला होईलच असं नाही. नाही झालं तर भांडी म्हणा.

तिथे एक ऐकायची खोली आहे, तिथे मला नेलं होतं. भिंतींवर, छतावर स्पीकर, ते ठीक, पण जमीन जाळीची, आणि जाळीखाली पण स्पीकर. पावसाचा आवाज लावला तो आधी डोक्यावर आणि मग पायाखालून यायला लागला, मी चक्क चप्पल उचलली.

प्र. (आळंदी, कीर्तनकार) – माउली, देवळाच्या गाभाऱ्यात आवाज घुमतो तसा मंडपात घुमत नाही, साउंडवाल्याला सांगितलं तर तो नुसता ‘इको’ वाढवतो आणि अभंगाचा चिखल होतो. या विषयावर त्या लोकांनी काही केलंय का?

माउली, याच विषयावर त्यांचं जे काम आहे ते मला सगळ्यात आवडतं. इस्तंबूलला हागिया सोफिया आहे, सहाव्या शतकातली, तेव्हाचं चर्च, मग मशीद, मग म्युझियम, २०२० पासून परत मशीद. म्युझियम असताना तिथे गायला बंदी होती. स्टॅनफर्डच्या कलेतिहासाच्या प्राध्यापक बिसेरा पेंचेवा यांना ऐकायचं होतं की जुनी स्तोत्रं त्या घुमटाखाली कशी लागत असतील. गायला बंदी ना, मग त्यांनी तिथे फुगे फोडले. परवानगी काढून, मोजून चार. फुग्याचा फट्ट आवाज क्षणभरच असतो पण घुमटात तो दहा सेकंदांच्या वर रेंगाळला, आणि त्या रेंगाळण्यात अख्ख्या वास्तूची सही असते, कुठला दगड, किती उंची, सगळं. ते रेकॉर्डिंग कर्माच्या जोनाथन एबलने घेतलं, त्यातून कॉम्प्युटरवर वास्तूचा ठसा काढला, आणि गायकांना कॅलिफोर्नियात गायला बसवून त्यांचा प्रत्येक शब्द तत्क्षणी त्या ठशातून गाळून त्यांना ऐकवला. कापेला रोमाना या गायकवृंदाचा अल्बम २०१९ ला आला.

आणि तुमच्या चिखलाचं उत्तर त्यातच आहे. गायकांना तो घुमार स्वतःला ऐकू यायला लागल्यावर त्यांनी गाणंच बदललं, लय कमी केली, एक ओळ विरायला वेळ दिला. म्हणजे ‘इको’ श्रोत्यांकडे सोडून उपयोग नाही, तो आधी बुवांच्या कानात हवा, म्हणजे बुवा थांबतील. तुमच्या साउंडवाल्याला सांगा, ‘कन्व्होल्यूशन रिव्हर्ब’ नावाचं सॉफ्टवेअर येतं, त्यात कुठल्याही जागेचा ठसा भरता येतो. रात्री देऊळ बंद व्हायच्या वेळी गाभाऱ्यात एक फुगा फोडा, बऱ्यापैकी रेकॉर्डरवर घ्या, आणि ती फाइल त्यात टाका. विश्वस्तांना विचारूनच हं, नाहीतर कार्तिकीला माझं नाव निघेल.

प्र. (नाशिक, आई) – मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तबल्याच्या पाच परीक्षा झाल्यात. तुमचा कॉलम वाचून म्हणतो मला तिथेच जायचंय. यात पोटापाण्याचं काही असतं का हो? स्पष्ट सांगा.

वहिनी, स्पष्टच सांगतो. तिथे संगीत, विज्ञान आणि तंत्रज्ञान असा एकत्र मास्टर्स आहे, पण मोजक्या जागा असतात आणि जगभरातून पोरं येतात, तेव्हा तेवढ्यावर सगळी गणितं मांडू नका. पोटापाण्याचं मात्र तुम्हाला वाटतं तेवढं वाईट नाही, फोन, हेडफोन, गाडी, सिनेमा, गेम, सगळीकडे आवाजावर काम करणारी माणसं लागतात आणि ती तबला कळणारी असली तर जास्त चांगली.

आणि तबल्याचंच म्हणाल तर त्याला सांगा की पराग चोरडिया म्हणून सरोदवादक आहेत, त्यांनी तिथेच पीएचडी केली ती तबल्यावरच, तबला ऐकून बोल कॉम्प्युटरने ओळखायचे. आता दुसरी गोष्ट, ही जास्त जवळची. शाविएर सेरा नावाचे स्पॅनिश संशोधक, त्यांची पीएचडी १९८९ ची, कर्मामधलीच. ते पुढे बार्सिलोनाला गेले आणि २०११ ला त्यांनी युरोपच्या पैशातून एक मोठा प्रकल्प काढला, काय तर म्हणे कॉम्प्युटरला फक्त पाश्चात्त्य संगीत कळतं, त्याला हिंदुस्तानी, कर्नाटक, तुर्की, अरब-अंदलुसी आणि चिनी ऑपेरा पण कळायला पाहिजे. त्यात हिंदुस्तानीच्या बाजूने आपल्या पवईच्या आयआयटीतल्या प्रीती राव आणि त्यांची लॅब होती. म्हणजे नाशिकहून कसारा उतरलं की पवई, आधी तिथे कोणी इंटर्नशिप देतं का हे बघायला सांगा.

सेरा आणि कर्माचेच ज्युलियस स्मिथ या दोघांनी मिळून ऑनलाइन कोर्स केलाय, ऑडिओ सिग्नल प्रोसेसिंगचा, आणि स्मिथ सरांची पुस्तकं अख्खीच्या अख्खी इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलीयत. त्यातलं एक पोराने दिवाळीपर्यंत गणितासकट पुरं केलं तर समजा गडी सिरियस आहे. नाही केलं तर समजा रील बघून आलेला उत्साह. आणि काही झालं तरी रियाज बंद करू देऊ नका, प्रोग्रामिंग येणारी पोरं पुण्यात पायलीला पन्नास मिळतात, ‘धिरधिर’ स्वच्छ निघणारी नाही.

प्र. (औरंगाबाद, बीएससी) – सर, घरबसल्या यातलं काहीतरी एकच करून बघायचं असेल तर काय करू? कोडिंग थोडं येतं.

तंबोऱ्याची तार कर. अर्ध्या तासाचं काम आहे. काळी एकचा सा घे, साधारण १३८.६ हर्ट्झ. कॉम्प्युटर सेकंदाला ४४,१०० आकडे वाजवतो, भागाकार केलास तर ३१८ येतात. ३१८ खान्यांची एक रांग कर आणि त्यात वाटेल ते आकडे भर, रँडम, म्हणजे नुसता खरखराट. आता पहिला आकडा वाजव, त्याची आणि शेजारच्याची सरासरी काढ, ती रांगेच्या शेवटी टाक, पहिला काढून टाक, आणि हेच करत राहा. दहा-बारा ओळींचा प्रोग्राम. खरखराटातून तार छेडल्याचा आवाज निघतो, माझ्या तर अंगावर काटा आला होता पहिल्यांदा. सरासरीने टोकं घासली जातात आणि वरचे सूर आधी मरतात, खऱ्या तारेतही तेच होतं. हे केविन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी स्टॅनफर्डमध्येच काढलं, १९८३ ला छापलं, आणि पुढे ज्युलियस स्मिथ यांनी त्याच धाग्यावरून बासरी, व्हायोलिन अशी वाद्यंच्या वाद्यं उभी केली. एक कबूल करतो, जवारी, म्हणजे तंबोऱ्याची ती झणझणती गुंज, येत नाही त्यात. तार येते, तंबोरा येत नाही, त्याला तारेखाली सूत सरकवायची सोय पण तुलाच लिहावी लागेल. लिहिलीस तर मला पाठव.

आणि कॉम्प्युटर हँग झाला तर कुरकुर करू नकोस, कर्माने १९७७ ला फक्त आवाज काढायला एक मशीन घेतलं होतं, सॅमसन बॉक्स, हिरव्या फ्रिजएवढं, लाखभर डॉलरचं, त्यावर ते १९९२ पर्यंत काम करत होते.

प्र. (ठाणे) – आपल्याकडे शेकडो वर्षांचं संगीत आणि इतके इंजिनिअर, मग असा स्टुडिओ आपल्याकडे का झाला नाही?

झाला होता. मुंबईपासून एका रात्रीच्या गाडीवर, अहमदाबादला, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, १९६९ साली. कॉम्प्युटर नव्हता त्यात, पण मूग कंपनीचा मोठा सिंथेसायझर होता, टेप मशीन होती, आणि तो लावून द्यायला अमेरिकेहून डेव्हिड ट्यूडर हा संगीतकार आला होता. मागे गीता साराभाई होत्या, पखवाज शिकलेल्या, ज्यांनी १९४६ ला न्यूयॉर्कमध्ये जॉन केज या अमेरिकन कंपोझरला हिंदुस्तानी संगीत शिकवलं होतं. त्यांनी स्वतः, आणि आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे रचना केल्या. चाउनिंग तिकडे स्टॅनफर्डला रात्री जागवत होता तेव्हाच हे लोक साबरमतीच्या काठी वायरी बदलत बसले होते. तीनेक वर्षं चाललं आणि १९७२ च्या सुमाराला थंडावलं. टेप कपाटात गेल्या. पॉल पर्गस नावाच्या ब्रिटिश कलाकाराने काही वर्षांपूर्वी त्या संस्थेच्या अर्काइव्हमध्ये शोधल्या, आणि २०२३ ला त्यांचं संकलन बाहेर आलं.

मी ऐकलंय. मुलुंडकर, तुम्हाला यातही भांडी ऐकू येतील. पण एका तुकड्यात मागे सतत एक सा धरलेला आहे, मशीनने धरलेला, जराही न हलणारा, आणि मला राहून राहून वाटत होतं की आता कोणीतरी येऊन गायला लागेल.

पुढच्या अंकात हार्मोनियमच्या पट्ट्या नक्की. पत्रं कृपया एका पानात बसवा, कोल्हापूरकरांचं सात पानी होतं.